पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश आणि प्रदूषण: आधी काय बदलावं?

अनुस्वार:
घर वाहत्या रस्त्याला लागून, पाणी बोअरचं, तळमजल्यावर वेल्डिंग आणि सुटे भाग ग्रीस काढून साफ करण्याचं काम, मागच्या बागेत फवारणी. यातल्या कशाचा मेंदूच्या आजारांशी संबंध पक्का आहे? सगळं एकदम जमणार नाही, म्हणून क्रम सांगा. केसांची 'जड धातू' चाचणी करावी का?

रसायनी:
आधी फवारणी आणि ग्रीस काढायचं द्रावक. पार्किन्सन्सपुरतं बोलायचं तर या यादीत पुरावा तिथेच जास्त आहे.

बनावट नशेच्या मालातल्या एमपीटीपी या भेसळीने माणसं अचानक पार्किन्सन्ससारखी आखडल्याचं १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ डोपामिन (हालचालींना लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींत शिरून मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, पहिलं प्रथिन-संकुल बंद पाडतो. रोटेनोन हे कीटकनाशक तेच संकुल अडवतं (आणि झाडाच्या मुळांतून मिळतं म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात!). पॅराक्वाट हे तणनाशक पेशींत मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) तयार करत राहतं. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात या दोन्हींपैकी काहीही वापरणाऱ्यांत धोका सुमारे अडीचपट दिसला. तेव्हा ही दोन्ही नावं लेबलवर असतील तर बाटली बाद.

द्रावकात ट्रायक्लोरोएथिलीन (क्लोरीनयुक्त द्रावक) आहे का बघा. अमेरिकेतल्या कॅम्प लेज्यून या लष्करी तळाचं पाणी त्याने दूषित होतं. तिथल्या सैनिकांत पार्किन्सन्सचा धोका दुसऱ्या तळापेक्षा ७० टक्के जास्त, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याऐवजी पाण्यात मिसळणारा अल्कलीयुक्त क्लीनर वापरा.

केसांची चाचणी नको. रंग, शांपू, बाहेरची धूळ सगळं त्यात येतं. शिशाची शंका असेल तर शिरेतल्या रक्ताची तपासणी करा. आधी धातू शरीराबाहेर खेचणारं औषध देऊन मग लघवी तपासणारे भेटतील. त्या औषधाने आकडा वाढणारच, त्यावर उपचार सुरू करू नका.

जुना_फिटर:
वेल्डिंग आणि ते द्रावक एका खोलीत आहेत, हे वाचून धस्स झालं. क्लोरीनयुक्त द्रावकाची वाफ आर्कजवळ (वेल्डिंगच्या ठिणगीजवळ) गेली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ते काम आजच वेगळं करा आणि भाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय आर्क पेटवू नका.

धुरातलं मँगनीज मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या हालचाली सांभाळणाऱ्या भागात साचतं. त्यातून येणाऱ्या आजाराला लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाचा) गुण फारसा येत नाही. धूर ओढणारी नळी आर्कच्या अगदी जवळ हवी: नळीच्या तोंडापासून तिच्या एका व्यासाएवढ्या अंतरावर ओढ जवळपास दहाव्या हिश्श्यावर येते. धूर चेहऱ्यासमोरून जाता कामा नये. एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज लागतं. आणि दाढी असेल तर कुठलाच मास्क नीट बसत नाही.

वाराफिरा:
रस्त्याच्या धुराबद्दल. हवेच्या प्रदूषणाला लॅन्सेट आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत घेतलं. हेपा यंत्र (बारीक कण गाळणारं हवाशुद्धी यंत्र) घेताना खोलीचं घनफळ गुणिले ५ (तासाला पाचदा हवा गाळली जावी म्हणून) असा हिशेब करा: ३ × ४ × ३ मीटर म्हणजे ३६ घनमीटर, म्हणजे तासाला १८० घनमीटर स्वच्छ हवा. डब्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि आवाजामुळे यंत्र मंद वेगावरच चालतं, म्हणून एक माप मोठं घ्या. वर्दळीच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या बंद.

बोअरच्या पाण्याचा नमुना द्रावकासाठी द्यायचा तर बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहिला तर द्रावक त्यात उडून जातं. उकळून शिसं जात नाही, उलट दाट होतं. द्रावक उडतं खरं, पण स्वयंपाकघराच्या हवेत.

अनुस्वार:
वेल्डिंग थांबवलं. द्रावकाच्या डब्यावर नुसतं 'क्लोरीनयुक्त' लिहिलंय.

रसायनी:
विक्रेत्याकडून सुरक्षा माहितीपत्रक मागा, तिसरा विभाग उघडा आणि सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहा. ७९-०१-६ म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन. १२७-१८-४ दिसला तर ते परक्लोरोएथिलीन, त्याच घराण्यातलं. बदली म्हणून तेही घेऊ नका.