सोसायटीत सगळ्यांनी मिळून केलेलं काम - तुमचे अनुभव सांगा

परवा रात्री दीडला नळाला पाणी आलं. आमच्याकडं संभाजीनगरला सिडकोत पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून ज्याला आधी आवाज येईल त्यानं जिन्यातून "पाणी आलं ओ" असं ओरडायचं हे ठरलेलंय. मी खाली गेलो तर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हौदाचं झाकण काढून बॅटरी धरून बसलेल्या, मोटरनं हवा धरलेली, समोरचे काका तांब्यानं पाणी ओतायलेत. मोटर चालू झाली अन मग चारपर्यंत आम्ही पायरीवरच गप्पा मारत बसलो. सहा वर्षं शेजारी राहतोय पण काकांचं गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेलंय हे मला त्या रात्री कळलं. त्याच धरणाचं पाणी आम्ही जागून भरायलो होतो. काका जास्त काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तर असे अनुभव लिहा. वर्गणी काढून केलेले कार्यक्रम सगळीकडंच असतेत, हातानं मिळून केलेलं काम सांगा.

लातूरहून - २०१६ चं सांगतो. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा टँकर, पाच लाख लिटर. पण त्याच्या आधी काय हाल होते ते आम्हालाच माहीत, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागलेली. आमचा बोअर फेब्रुवारीतच आटला. विकतचा टँकर वरच्या टाकीत सोडला की कुणी भराभर भरून घ्यायचं, कुणाला थेंब नाही, रोज भांडणं. शेवटी आमच्यातल्या एका रिटायर सरांनी सांगितलं, टाकीत सोडायचंच नाही. पाईप सरळ खालच्या बॅरलात, माणशी दोन घागरी, वहीत टिपायचं. तीन मजले अन लिफ्ट नाही, मग जिन्यात ओळीनं पोरं उभी करायची अन घागर हातोहात वर. माझी पोरगी तेव्हा सातवीला, तिची जागा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, तिथं घागर लई हिंदकळायची म्हणून तिनं खाली पातेलं ठेवलं, सांडलेलं त्यात जमायचं ते रोज वरच्या आज्जीच्या तुळशीला. ती वही अजून माझ्याकडं आहे. एका पानावर सरांच्या अक्षरात, "घरात बाळंतीण, चार घागरी जादा", खाली सगळ्या घरांच्या सह्या.

परभणी. आमच्याकडं कुरडया. पाच किलो गव्हाच्या कुरडया एकटीनं होत नसतेत, ज्यांनी केल्यात त्यांना माहितीय. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक रात्रभर निवळायला ठेवायचा, अन पहाटे शिजवताना एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं हाटायचं, हात थांबला की गाठी झाल्याच म्हणून समजा. पाचला आम्ही सगळ्या टेरेसवर, ऊन चढायच्या आत गरम गरमच सोऱ्यातून घालायच्या. मधे एक वर्ष टेरेसला कुलूप लागलं, वाळवणानं फरशीला डाग पडतेत म्हणे. मला लई राग आला होता. आम्ही दहा-बाराजणी चेअरमनच्या घरी गेलो, तर त्यांच्या आईच म्हणाल्या चावी मी देते, फक्त मला पण बसू द्या. शेजारच्या भाभींकडं शेवयांचं मशीन आहे, कुरडया झाल्या की त्यांच्या शेवया, ईदला त्यातलाच शीरखुर्मा आमच्याकडं येतो. पोरांना मात्र कुरडई नको असते, त्यांना वाटीत गरम चीक अन वरून साखर.

मी उदगीरची, आता लातूरला फ्लॅटमधी. वेळ अमावस्या म्हणजे आमच्याकडं शेतात जाऊन पूजा करायचा अन तिथंच जेवायचा सण, त्या दिवशी लातूर दुपारी अगदी रिकामं होतं, सगळे शेतात. आमच्या नऊ घरांत शेत एकाचंच आहे, औशाच्या बाजूला, तर ते भाऊ टेम्पो करून सगळ्यांना नेतात. आदल्या रात्री पॅसेजमधी चटया टाकून बसायचं अन भज्जीसाठी, म्हणजे मिसळ भाजीसाठी, तुरीच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, नखं हिरवी होतात. सकाळी कडब्याची खोप, चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांचे पाच पांडव, माठात आंबील. "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत शिवारात आंबील शिंपडायचा मान मागच्या साली आमच्यात नव्यानं राहायला आलेल्या नागपूरच्या भाऊजींना दिला. त्यांना म्हणता येईना तर पोरांनी मागं पळत शिकवलं.

नांदेड. वाचून बरं वाटलं अन वाईटबी वाटलं. आमच्या साठ फ्लॅटमधी असं काही नाही, मेंटेनन्स अन पार्किंगवरून भांडणं तेवढी. एकच सांगतो. २०२१ ला घरातले चौघंबी पॉझिटिव्ह, अन रोज दुपारी दाराच्या कडीला डबा अडकवलेला. बेल वाजायची, उघडेपर्यंत कुणी नाही. पाचव्या दिवशी डबा घासताना झाकणावर कोरलेलं नाव दिसलं. पाचव्या मजल्यावरच्या ताई. त्यांच्याशी गाडी लावण्यावरून माझं दीड वर्ष बोलणं बंद होतं. नंतर लिफ्टमधी मान हलवली फक्त, नीट काही बोललोच नाही. दोन डबे अजून माझ्याकडंच आहेत.

दादा, ते डबे परत द्या की.

नांदेड - आज संध्याकाळीच जातो. रिकामे कसे न्यायचे, बायकोनं धपाटे लावायला घेतलेत.