प्रतिसाद: सोलापूरचं उदाहरण

"संस्थांनी फक्त जनजागृती करावी, घरं सरकारच बांधू शकतं," असं गरिबांच्या घरांवरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. अंशतः पटलं. पण सोलापूरच्या विडी कामगार बायकांकडे बघा. आधी सहकारी संस्था, मग कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांसोबत वर्षानुवर्षं मोर्चे, तेव्हा कुठे सोलापूरजवळच्या कुंभारी गावात १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि कामगारांचाही. पुढे रे नगर ही कामगारांची आणखी एक वसाहत. तिथली पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली.

विडी वळणारीचं घर हाच तिचा कारखाना. मांडीवर सूप, त्यात पानं-तंबाखू. गळकं छप्पर म्हणजे भिजलेला माल, बुडालेली मजुरी. मात्र कुंभारी शहराबाहेर, त्यामुळे बसभाड्याचा प्रश्न उरतोच. तो आराखड्यातच धरायला हवा होता, असं माझं मत.