पाणी आवडत नाही, पण प्यायचंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हसू नका, पण मला पाणी आवडत नाही. तहान लागली की चहा आठवतो. आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. गेल्या महिन्यात कंबरेतून अशी कळ आली की ऑफिसातच घाम फुटला. सोनोग्राफीत ४ मिमीचा मुतखडा. डॉक्टर म्हणाले, हा पडून जाईल, पण पुन्हा व्हायला नको असेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, किती प्यायचं ते त्यावरून ठरवा. माझी धाव सध्या लिटरभर पाण्यापर्यंत.

करून पाहिलेले उपाय: वेळा छापलेली बाटली (दुपारी एक वाजता मी नऊच्या रेघेवर असते). मोबाइलवर आठवण करून देणारं ॲप (ते साहेबांसमोर वाजलं, काढून टाकलं). तांब्याच्या बाटलीत लिंबाच्या फोडी (जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव आणि मग मळमळ). घरी आरओचं मशीन आहे, त्या पाण्याला तर काही म्हणजे काही चव नाही. पुसलेली पाटी.

रोज जमेल असं सांगा. साखर नको, घरात मधुमेह आहे. मनाचा निग्रह करा असंही नको, तो असता तर धागा काढला नसता.

(डोंबिवली, नोकरी फोर्टात, वय ४६)

रांजणखळगा
माठ घ्या! आमच्या सोलापुरात एप्रिलमध्ये फ्रिजच्या पाण्याला कुणी विचारत नाही. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, पहिली दोन-तीन पाणी झाडांना. आतून साबण कधीच लावायचा नाही, नारळाच्या काथ्यानं घासायचा. आत वाळ्याची जुडी सोडा. आजी मोगऱ्याची चार फुलं टाकायची. तो वास आला की पाणी आपसूक जातं.

मूळ धागाकर्ती
डोंबिवलीत माठ गार होतो का हो? आमच्याकडे टॉवेल वाळत नाही.

रांजणखळगा
तेवढा नाही होणार. पाणी छिद्रांतून झिरपून उडतं म्हणून माठ गार पडतो, हवाच ओली असली की उडणार कुठे? पण तुमची तक्रार गारव्याची नाही, चवीची आहे. ती माठ देतो.

प्रयोगशाळेतला काका
ताई, तांब्यात लिंबू, ताक, आमसूल असं काहीही आंबट घालू नका. आम्लात तांबं विरघळतं, मळमळ त्याचीच. लिंबू काचेत किंवा स्टीलमध्ये. लिंबातलं सायट्रेट कॅल्शियमच्या खड्यांना आळा घालतं, तेव्हा ते सोडू मात्र नका.

आरओबद्दल: ते पाण्यातले क्षार काढतं आणि चव क्षारांचीच असते. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं हरित लवादानं २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. तुमच्याकडे उल्हास नदीचं पाणी येत असेल तर ते मुळात जड नसतं. नळाचं पाणी एकदा तपासून घ्या. कमी क्षार निघाले तर साधा फिल्टर आणि यूव्ही पुरे. नाहीतर मशीनवाल्याला बोलावून क्षारांचा खटका थोडा सैल करून घ्या, बऱ्याच मशीनला तो असतो.

आमसुली
लिटरभर पाण्यात चार आमसुलं, रात्रभर. सकाळी गाळून घ्यायचं. साखर नाही, मीठ नाही. रंग असा सुंदर येतो की बाटली टेबलावर असली की हात जातोच. ज्यांना सरबताची सवय आहे त्यांना पहिले दोन दिवस बेचव वाटेल. आमसुलं मिठात घोळलेली असतील तर आधी धुऊन घ्या.

सैंधवप्रेमी
चिमूटभर सैंधव घाला, पाणी अंगी लागतं.

प्रयोगशाळेतला काका
खडा झालेल्या माणसाला हे सांगू नका. जास्त मिठानं लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. सैंधव असलं तरी मीठच ते.

लेडीज_डबा
मला एक वेगळंच विचारायचंय. ताई, पाणी आवडत नाही, की तुम्ही ते टाळता? मी वीस वर्षं बदलापूर-दादर केलं. घरातून निघताना दोन घोट, त्यानंतर जेवणापर्यंत काही नाही. मला वाटायचं आपल्याला तहानच कमी. निवृत्त झाले आणि महिन्याभरात दीड-दोन लिटर आपोआप प्यायला लागले. वीस वर्षं मी संडास टाळत होते.

मूळ धागाकर्ती
हे वाचून दहा मिनिटं गप्प बसले. सव्वा तास गाडी, उतरून वीस मिनिटं चाल. आमच्या मजल्यावर बायकांसाठी एकच, त्याची कडी दोन वर्षं मोडलेली, मैत्रिणीला बाहेर उभं करावं लागतं. सारखं सारखं कुणाला सांगणार? शनिवार-रविवारी मी घरी किती पिते ते कधी मोजलंच नाही.

लेडीज_डबा
मोजा. आणि कडीसाठी आजच लेखी अर्ज, तिघी-चौघींच्या सह्यांनी. २०११ मध्ये मुंबईतल्या संघटनांनी बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ म्हणून मोहीम काढली, तीसुद्धा सह्या गोळा करत. आपली तर एक कडी आहे.

तोवर वाटणी बदला. सकाळी उठल्याबरोबर दोन भांडी, म्हणजे निघायच्या आत मोकळं होता येतं. गाडीत घोट-घोट. ऑफिसात पोचल्यावर मोठा पेला. परतीच्या गाडीआधी तासभर थांबायचं, उरलेलं घरी आल्यावर. झोपताना एक पेला घ्याच, खडेवाल्यांची लघवी रात्रीच घट्ट होते. उठावं लागलं तर उठायचं, त्या कळेपेक्षा बरं.

प्रयोगशाळेतला काका
अनुमोदन. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे झालं. वाचणाऱ्या इतरांसाठी: हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात ज्यांचं पाणी डॉक्टरांनी बांधून दिलंय त्यांनी हा धागा आपल्याला लागू समजू नये.

मूळ धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)
रविवारी मोजलं: पावणेदोन लिटर, काही न करता! नावडीचं नाटक उघडं पडलं.

कडी बसली. अर्जावर सात सह्या झाल्या, मजल्यावरचे पुरुष विचारत होते कसली मोहीम आहे. माठ आणलाय, काका म्हणाले तसा खटकाही सैल करून घेतला. ऑफिसात आमसुलाची काचेची बाटली, तिला सगळे वाइन म्हणतात. कामाच्या दिवशी आता सव्वादोन लिटरपर्यंत पिते, अजून थोडं चढवायचंय. चहा चारावरून तीनवर आला, त्यापुढे माझ्याशी भांडू नका.

एकच शंका. वाळा आठवड्यात काळपट दिसायला लागला. टाकायचा का?

रांजणखळगा
बुळबुळीत लागत असेल तर टाका. नुसता काळपट असेल तर धुऊन कडक उन्हात वाळवा, पुन्हा चालतो. दोन जुड्या आणून ठेवा, एक माठात, एक गॅलरीत.