मदत हवी आहे : एकाच कोरची गोल केबल मेन स्विचला कशी जोडावी?

नमस्कार मंडळी. आमचं घर दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात. मीटरपासून गुरांच्या कोठ्यातल्या मेन स्विचपर्यंत बाबांनी टाकलेली जुनी काळी केबल आहे. परवाच्या पावसात तिचं टोक जळालं. कापून पाहिलं तर नेहमीचे दोन रंगीत कोर, म्हणजे आवरण असलेल्या आतल्या तारा, नाहीतच! मधोमध ॲल्युमिनियमचा एकच कोर, त्यावर इन्सुलेशन, त्याभोवती उघड्या बारीक तारा आणि वरून काळं आवरण.

वायरमन भाऊ म्हणतात, ही आर्मर केबल, बाहेरच्या तारा नुसतं संरक्षक कवच, त्या अर्थिंगला जोडून टाकू. मला ते पटत नाही. त्या तारांना चुंबक चिकटत नाही, म्हणजे जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) नव्हेत. अर्थात तेवढ्यावर ठरत नाही, सिंगल कोर केबलचं आर्मर ॲल्युमिनियमचंही असतं. पण एकच कोर म्हणजे फेज, मग इतकी वर्षं न्यूट्रल (परतीची तार) आला कुठून? माझ्या मते ही कॉन्सेंट्रिक केबल, म्हणजे मधल्या कोरभोवती गुंडाळलेल्या बाहेरच्या ताराच न्यूट्रल.

कोणी अशी जोडली आहे का? त्या तारा पिळून, स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवून बायमेटल लग (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडायचं टोक) लावला तर चालेल? पुढे तांब्याची वायर आहे, ॲल्युमिनियमशी थेट जोडली तर सांधा तापतो. आणि केबलच्या कापलेल्या तोंडातून ओल शिरू नये म्हणून काय लावता?

सध्या फ्यूज काढून ठेवलाय. कोठ्यात बैलजोडी बांधलेली असते, म्हणून अंदाजाने काही करायचं नाही.