ट्रेकमध्ये, प्रवासात सामान चोरीला गेल्याचे (आणि वाचवल्याचे) अनुभव

सह्यवेडा
काल माळा आवरताना जुन्या सॅकचा पट्टा सापडला. फक्त पट्टा. हरिश्चंद्रगडाला निघालेलो, शेवटच्या लोकलने उतरून पहिली एसटी लागेपर्यंत प्लॅटफॉर्मवरच आडवे झालो, बाकीच्यांनी सॅक डोक्याखाली घेतल्या, मी पट्टा घोट्याला गुंडाळून गाठ मारली. पहाटे बघतो तर गाठ जागेवर, पट्टा जागेवर, सॅक गायब! ब्लेडने एकदम साफ कापलेला. स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च, आईने दिलेले ठेपले, सगळं गेलं. ट्रेक मात्र केला, मित्राच्या अर्ध्या चादरीत. तुमचं काय काय गेलंय आणि आता काय काळजी घेता, लिहा.

रानवारा
ठेपले? तुम्ही गुजराती का?

सह्यवेडा
नाही हो, आई शेजारच्या बेनकडून शिकली.

अलंगवासी
आमचं माणसांपेक्षा कुत्र्यांनीच जास्त नेलंय. बिस्किटाच्या आशेने पायथ्यापासून मागे येतात, रात्री गुहेबाहेर बूट दिसला की उचलला, आणि जोडी नेतील तर शपथ, एकच नेतात. आमचा एक मित्र कोकणकड्यावरून पाचनईपर्यंत एका पायात बूट आणि एका पायात स्लीपर असा उतरलाय. आता बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेंटच्या आत. वास येतो, येऊ दे.

मुग्धा_पुणे
कुत्री परवडली, माथेरानची माकडं बघा. नवऱ्याच्या हातातला चिवडा तर नेलाच, वर चष्मा पण. कुकर लावलाय, नंतर लिहिते

फिरस्ता७२
टेंटच्या दोन्ही चेन एकत्र करून छोटं कुलूप लावायचं, सोपं आहे.

रानवारा
कुलूप दिसलं की आत माल आहे हे आपणच सांगतो की. कापड ब्लेडने फाडलं की सामान पण गेलं आणि टेंट पण. मी चेन नुसती ओढून घेते. पाकीट, मोबाईल, गाडीची चावी पाऊचमध्ये आणि पाऊच स्लीपिंग बॅगच्या आत पोटाशी. बाहेर राहतात पातेली, ती न्या म्हणावं, घासून आणून द्या.

डेक्कनचा_दादा
ट्रेनमध्ये खालच्या बर्थखाली साखळीसाठी लोखंडी कड्या असतात, कित्येकांना माहीतच नसतं. साखळी सॅकच्या एकाच पट्ट्यातून ओवू नका (का ते वर आलंच आहे), दोन्ही खांद्याचे पट्टे आणि वरचं हँडल, तिन्हीतून घ्या. चोरी झालीच तर रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला फोन करा, टीटीईकडून एफआयआरचा फॉर्म मागा, त्यासाठी मधेच उतरावं लागत नाही. आणि निघायच्या आधी *#०६# दाबून आयएमईआय नंबर (मोबाईलचा स्वतःचा ओळख क्रमांक) वहीत लिहून ठेवा. मोबाईल गेला तर पोलिसातल्या तक्रारीची कॉपी जोडून संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करता येतो. नंबर त्याच मोबाईलमध्ये सेव्ह करणारे महाभाग पाहिलेत मी.

नर्मदे_हर
थोडं अवांतर. आजोबांनी नर्मदा परिक्रमा केलेली, तेव्हा शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांना लुटायचे, अगदी अंगावरच्या कपड्यांपर्यंत. आजोबा म्हणायचे, जाईल त्याचं वाईट वाटेल असं काही घेतलंच नव्हतं. आम्ही मात्र पॉवरबँकच दोन नेतो.

मुग्धा_पुणे
आले. गोव्यात समुद्रात जाताना भाड्याच्या स्कूटरच्या डिकीत पैसे ठेवू नका, सीट जरा उचलली तरी हात आत जातो. आम्ही पाळ्या लावतो, एक जण कायम काठावर. कायम मीच असते तो भाग वेगळा.

अलंगवासी
😂 ताई, फ्लोट घेऊन जा.

घाटवाट
गडावर मुक्काम नसेल तर मोठी सॅक वर नेतोच कशाला आपण? मी गावात जिथे जेवण सांगतो त्याच घरी ठेवतो. मामी कणगीमागे सारतात आणि वर घोंगडी टाकतात. आजवर कोणी बोट लावलेलं नाही, एकदा तेवढी मांजर व्यायली होती सॅकवर.

फिरस्ता७२
पिल्लं किती?

रानवारा
मामींचा नंबर व्यनि (खाजगी मेसेज) कर ना. जेवणाचं कधी सांगायचं?

घाटवाट
करतो. आदल्या रात्री फोन कर, सकाळी रेंज नसते. आणि पिठलं-भाकरी सांगू नकोस, सगळे तेच सांगतात. हुलग्याचं माडगं सांग.