प्रार्थना विनंतीतून दुसऱ्याच्या घरची गोष्ट फुटते. सांगायचं कधी आणि कसं?

रूथ:
जय ख्रिस्त. बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत एक ज्येष्ठ भगिनी विनंती सांगताना दुसऱ्यांच्या घरचं बोलून जातात. ‘अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, ती माहेरी गेलीय, कारण...’ मनात वाईट काही नसतं, पण रविवारपर्यंत ते चर्चच्या मंडळीभर होतं. वयाने त्या आईसारख्या. सभेतच थांबवावं, पाळकांना सांगावं, की ग्रुपवर सर्वांसाठी सूचना टाकावी?

नगरकर:
ताई, सुरुवात यातल्या कशानेच नको. बायबलमध्ये मत्तय १८:१५-१७ मधला क्रम पाहा: आधी एकट्याने, एकांतात, मग एक-दोन जणांना घेऊन, मंडळीपुढे त्यानंतर. ग्रुपवरची सूचना तर सर्वांत वाईट. जिच्यासाठी टाकली तिला ती आपल्यासाठी आहे हे कळतच नाही, आणि ज्यांचा संबंध नाही अशा चौघी मनाला लावून घेतात.

वेळेबद्दल: सभा संपून चहा चाललेला असताना नको, रविवारी चर्चच्या दारातही नको. बायबलमधल्या अबीगईलने नवरा नाबाल नशेत असताना अवाक्षर काढलं नाही, सकाळी त्याची उतरल्यावर सांगितलं (१ शमुवेल २५:३६-३७). दोन दिवस जाऊ द्या, फोन करून त्यांच्या घरी जा. मात्र पुढच्या बुधवारच्या आत. त्यापुढे लांबलं की प्रसंगांची यादी साठते आणि ऐकणाऱ्याला ते आरोपपत्र वाटतं.

शलोमी:
शब्द आधी ठरवून जा. एक प्रसंग, एक विनंती, बस:

‘मावशी, परवा तुम्ही त्या सुनेच्या माहेरी जाण्याचं कारण सांगितलंत. त्या घरच्यांना विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी नुसतं “एका कुटुंबासाठी” म्हणाल का?’

एवढं बोलून थांबा. ‘सगळ्याच म्हणतात’ हे चुकूनही नको; मग त्या कोण म्हणालं हेच शोधत बसतात. ‘प्रेमाने सांगते हं, राग मानू नका’ अशी पाच मिनिटांची प्रस्तावनाही नको, त्यात मुद्दा बुडतो. आणि प्रार्थनेतून टोमणा तर मुळीच नको. देवाशी बोलत असल्याचं दाखवून माणसाला सुनावणं हे मला फार गैर वाटतं.

वयाचा प्रश्न १ तीमथ्य ५:१-२ मध्ये आहेच: वडीलधाऱ्या स्त्रियांना आईप्रमाणे मानून बोध करायचा.

नगरकर:
एक अपवाद. गुपित त्याच क्षणी फुटत असेल, तर सभा चालवणाऱ्याने हळूच मध्ये यावं: ‘बाकीचं प्रभूला ठाऊक आहे, आपण प्रार्थनेला लागू.’ आवाज न चढवता, आणि लगेच डोळे मिटून सुरुवात करायची.

दुसरं, ‘एका कुटुंबासाठी’ म्हणून मारहाण झाकली जाऊ नये. तशी शंका असेल तर कोणीतरी त्या सुनेशी एकटीशी बोलावं, १८१ ही महिला हेल्पलाइन तिला सांगावी. पुढचं तिच्या संमतीने.

रूथ:
आभार. पण त्या रडल्या तर?

शलोमी:
रडू द्या, जवळ बसून राहा. इथेच बहुतेकांचं चुकतं. घाबरून ‘नाही नाही, तसं काही नाही’ म्हणतात आणि सांगितलेलं सगळं परत घेतात. विनंती तशीच राहू द्या, पुन्हा समजावू मात्र नका. बुधवारी सभेला गेल्यावर आधी त्यांच्याशी बोला आणि त्यांच्या शेजारीच बसा.