जगवणे हा प्रतिकार मानावा का? नालिबोकीच्या अरण्यातील छावणीविषयी

धागाकर्ता
दुसऱ्या महायुद्धात ज्यू गनिमी गटाचे नेते तुविया बिएल्स्की आणि त्यांच्या भावांनी नाझींपासून बचावासाठी बेलारूसच्या अरण्यात सांभाळलेले १,२०० हून अधिक ज्यू १९४४ च्या उन्हाळ्यात जिवंत बाहेर आले. जर्मनांशी लढणाऱ्या बहुतेक सोव्हिएत गनिमी तुकड्या निःशस्त्र ज्यूंना परत पाठवीत असताना या छावणीत म्हातारे, बायका, मुले अशा सर्वांना प्रवेश होता. नोवोग्रुदोक शहरातील जर्मन श्रमछावणीतून २६ सप्टेंबर १९४३ रोजी भुयार खणून निसटलेल्यांपैकीही अनेक जण येथे पोहोचले. माझ्या मते हा प्रतिकारच आहे, आणि तो रेल्वे उडवण्याहून कमी प्रतीचा नाही.

हेमाडपंत
असहमत. बचावाला प्रतिकार म्हटले, तर व्हिल्ना (आजचे व्हिल्नियस, लिथुआनिया) येथील ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून (घेट्टोतून) सप्टेंबर १९४३ मध्ये गटारांच्या वाटेने निघून रुदनिकीच्या अरण्यात लढलेल्या आब्बा कोव्हनर यांच्या साथीदारांचे वेगळेपण उरत नाही. शत्रूची रसद तोडणे आणि शत्रूपासून लपणे या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत. शिवाय त्या १,२०० तोंडांचा घास कोठून येत होता? दिवसा जर्मन आणि रात्री गनिमी सैनिक, अशी दोन्हीकडून वसुली सोसणाऱ्या शेतकऱ्यांच्या कोठारांतून. जर्मनांच्या खबऱ्यांना बिएल्स्कींच्या माणसांनी ठार मारले, हेही विसरू नये.

धागाकर्ता
शेतकऱ्यांचे हाल मलाही नाकारायचे नाहीत. मात्र नालिबोकी गावात मे १९४३ मध्ये सोव्हिएत गनिमी सैनिकांनी केलेल्या हत्याकांडाचा ठपका बिएल्स्की गटावर ठेवला जातो, तेव्हा त्याचा सहभाग सिद्ध झालेला नाही हे सांगणे भाग आहे. आणि ‘लपणे’ हा शब्द तर अगदीच अपुरा पडतो. छावणीत चांभार, शिंपी, बंदुका दुरुस्त करणारे कारागीर, कातडी कमावण्याचा कारखाना, भट्टी, दवाखाना असा सगळा पसारा होता. सोव्हिएत गनिमी सैनिक फाटके बूट आणि नादुरुस्त रायफली घेऊन येथेच येत. जो चांभार लढाऊ तुकडीला बूट देतो, त्याला युद्धाबाहेरचा कसा म्हणायचे? १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी अरण्याला वेढा घातला, तेव्हा मुलाबाळांसकट सगळ्यांना दलदलीतून आतल्या उंचवट्यावर नेणे हीसुद्धा साधी पळापळ नव्हती.

रानवाट
दोन्ही बाजू लढणारे आणि वाचवणारे असे दोन कप्पे करीत आहेत, जे छावणीत इतके वेगळे नव्हतेच. शिधा आणायला जाणारी टोळी सशस्त्र असे आणि जीव धोक्यात घालून परतत असे; त्यामुळे निःशस्त्रांना पोसण्याबद्दल तरुणांत कुरबूरही होती. हा ताण पुढे उघड झाला. सोव्हिएत वरिष्ठांनी १९४३ च्या अखेरीस गटाचे दोन भाग केले. लढाऊ भागात तुवियांचे भाऊ झुस गेले, तर तुविया कुटुंबांच्या छावणीकडे राहिले.

हेमाडपंत
मग निदान एवढे तरी मान्य करा की तुवियांना त्या बंदुका मुख्यतः लोकांच्या राखणीसाठीच हव्या होत्या.

धागाकर्ता
मान्य आहे. नाझींना एकही ज्यू जिवंत ठेवायचा नव्हता, आणि तुवियांनी बंदुका त्याच हेतूच्या आड उभ्या केल्या. म्हणूनच मी त्याला प्रतिकार म्हणतो.